ड्रायॉनच्या समाधीवर

माध्यान्हीचे ऊन होते. शुभ्र, निष्ठुर, निर्मेघ ऊन. ग्रीकांच्या त्या प्राचीन किनाऱ्यावर चुनखडीचा एक डोंगर समुद्राकडे तोंड करून उभा होता, आणि त्याच्या पांढऱ्या अंगावर ऊन असे कोसळत होते की पायवाटेवरच्या पालीदेखील एकेक पाय उचलून धरीत. खाली समुद्र निळा, इतका निळा की पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावे. सुगी संपून आठ दिवस झाले होते.

डोंगराच्या माथ्यावर वरगाव. डोंगराच्या पायथ्याशी बंदर. आणि दोहोंच्या मध्ये, चढण जिथे क्षणभर दम घेते तिथे, लाल मातीचा एक उंचवटा. सारा डोंगर पांढरा आणि तेवढीच माती लाल. ती ड्रायॉनची समाधी.

ड्रायॉन कोण, असे वरगावात विचारले तर म्हातारे आधी उठून उभे राहत आणि मग बोलत. ड्रायॉन म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीचा, गावाचा आद्य पुरुष. सिंहस्कंध, ताम्रकवच, वज्रमुष्टी ड्रायॉन. झऱ्यावर ओंजळीने पाणी पीत असता समुद्रावरून आलेल्या एका डावखुऱ्या परक्याने त्याच्या उजव्या बरगडीखाली सुरा खुपसला. तीन दिवस रक्त वाहिले. त्या रक्ताने माती लाल झाली, त्या रक्ताने डाळिंबाला रंग चढला, त्या रक्ताने मावळतीचा समुद्र अजून रंगतो. जगात जे जे लाल, ते ते वरगावाच्या म्हणण्याप्रमाणे ड्रायॉनचे देणे होते.

बंदरात विचारले तर खलाशी हसत. ड्रायॉन हा एक आडदांड मेंढपाळ, डोलकाठी चोरायला आला आणि मारामारीत मेला, झाले. पलीकडच्या बेटावर तर तो मेलाच नव्हता. तिथे त्याने लग्न केले, त्याला अकरा मुली झाल्या, आणि बेटावरची सगळी कुळे त्या अकराजणींच्या पोटची. यात कोणाला काही खटकत नसे. घरोघरी मुरवलेल्या ऑलिव्हची चव वेगळी, तशी गावोगावची कथा वेगळी. त्या लोकांकडे पोथी नव्हती. ज्याच्या अंगणात उभे राहून ऐकावे, त्याचे त्या वेळेपुरते खरे.

फरक एवढाच, की वरगावात कथेच्या हातात भाला होता.

समाधीच्या पायथ्याशी हातभर रुंदीचा खड्डा होता. मृतांना तहान लागते अशी त्या लोकांची श्रद्धा. म्हणून वर्षातून एकदा काळ्या मेंढ्याचा गळा चिरून त्याचे रक्त त्या खड्ड्यात सोडीत, आणि रक्त मुरेपर्यंत ड्रायॉनचा विलाप गात. पण गावात खून पडला तर वर्षाची वाट पाहत नसत. मृताच्या तिरडीच्या उशाशी भाला रोवला जाई. तिसऱ्या दिवशी माध्यान्ही संशयिताला खड्ड्याशी गुडघ्यांवर बसवीत. मृताच्या सर्वांत जवळच्या स्त्रीने, किंवा तिच्या वतीने गाणारणीने, विलाप गायचा. मारेकऱ्याच्या हाताचे कडवे आले की मृताच्या भावाने भाला उपसायचा, आणि कडवे संपताच तो समोरच्याच्या छातीत घालायचा. साक्षीदार नको, शपथ नको. गाणे हीच साक्ष आणि गाणे हाच न्याय.

आजवर सात माणसे त्या खड्ड्याशी मेली होती. सातही बंदरातली, सातही डावखुरी. म्हणून बंदरात डावरे मूल जन्मले की आया त्याचा डावा हात लोकरीच्या पट्टीने छातीशी बांधून ठेवीत. मूल रडे, हात वाळे, पण पट्टी सुटत नसे.

आज त्या खड्ड्याशी आठवा माणूस बसायचा होता.

विलाप गाणार होती थिओनो. पन्नाशीची विधवा. रुंद कपाळाची, रापलेल्या हातांची. तीस वर्षे ती दुसऱ्यांच्या मढ्यांवर गात आली होती. तिच्या आवाजात काठावरून दगड सुटावा तशी एक घसरण होती. ऐकणाऱ्याचे पोट खाली जाई आणि मुठी आवळत. तिच्या गाण्यावर तीन माणसे मेली होती, आणि त्या तीनही रात्री ती स्वस्थ झोपली होती. ड्रायॉनने मागितले, ड्रायॉनला दिले. आपण मध्ये फक्त गळा, असे तिला वाटे.

या वेळी तिरडीवर तिचा धाकटा मुलगा होता.

थिरॉन. वय वर्षे एकोणीस. लख्ख हसणारा, पुढचा दात अर्धा तुटलेला. तो सापडला झऱ्यावर, तोच झरा, जिथे ड्रायॉन पाणी पिता पिता पडला होता. डोके पाण्यात, पाय काठावर, आणि उजव्या बरगडीखाली जखम. पाणी गुलाबी होऊन ऑलिव्हच्या मुळांकडे चालले होते. ज्याने पाहिले तो गावाकडे पळत सुटला. आणि गावात पोचेपर्यंत त्याच्या तोंडातले वाक्य तयार झाले होते.

"उजव्या बरगडीखाली. झऱ्यावर. डावखुऱ्यानंच मारलाय."

मागून मारणाऱ्याचा उजवा हातही तिथेच पोचतो; पण जखम समोरून झाली की मागून, हे कोणी विचारले नाही. कशाला विचारतील? लहानपणापासून ऐकलेले गाणे डोळ्यांपुढे आडवे पडले होते. दोन दिवसांपूर्वी बंदरातला कुंभार गॉर्गोस चिकणमाती न्यायला वर आला होता. गॉर्गोस डावखुरा. पुढचे काम दोरखंडाचे होते. त्याला त्याच्या चाकावरून ओढून आणले तेव्हा त्याच्या बोटांना ओली माती होती, आणि चढभर लोकांनी त्याला इतके मारले की माथ्यावर पोचेपर्यंत त्या मातीचा रंग बदलला होता.

प्रेत धुण्याचे काम आईचे. थिओनोने दार लावून घेतले. दिवस कलताना उंच झरोक्यातून पिवळा, जाड उजेड येत होता. तिने थिरॉनची छाती धुतली, खांदे धुतले, जखमेच्या ओठांवरून ओला बोळा फिरवला. मग तोंड. ओठ अखंड होते. हिरड्या अखंड होत्या. तरी दातांच्या फटीत रक्त सुकले होते, आणि त्या अर्ध्या दाताच्या कपारीत कातड्याचा एक बारीक तुकडा अडकला होता.

तिने तो नखाने काढला. बोटावर धरून उजेडात पाहिला. पोर चावले होते. मरता मरता कोणाला तरी कडकडून चावले होते. शाबास रे, असे तिच्या मनात आले, आणि त्या क्षणापुरते तिला बरेही वाटले.

दारावर थाप पडली. थोरला लिकॉन आत आला. बापासारखा थोराड, बापासारखा अबोल. शोकाच्या रीतीप्रमाणे त्याने केस कापले होते. उघड्या मानेवर ऊन भाजले होते. उजव्या हाताला कोपराखाली फडके गुंडाळलेले.

"हाताला काय झालं?"

"मेंढवाड्यातला कुत्रा."

"बघू."

"राहू दे, आई."

"बस म्हणते ना."

तो बसला. तिने फडके सोडले. जखम सुजून काळीनिळी झाली होती. वरची कमान, खालची कमान. आणि वरच्या कमानीत, मधोमध, एका दाताची जागा अर्धीच उमटलेली.

हे दात तिला माहीत होते. जगात दुसऱ्या कोणाला माहीत नव्हते इतके माहीत होते. ते फुटत असताना तिच्याच स्तनावर ते पहिल्यांदा आजमावले गेले होते. खळ्यावर पडून त्यातला एक तुटला तेव्हा तिनेच पोराच्या तोंडात लोकर कोंबून रक्त थांबवले होते. बोलणारे खोटे बोलतात, गाणारे खोटे गातात. दातांना खोटे कसे बोलता येणार? थिओनो हातातल्या हाताकडे बघत राहिली. 

तिने जखम द्राक्षमद्याने धुतली. मध लावला. स्वच्छ फडके घेऊन, आधी होते त्याहून घट्ट, बांधले.

"दुखतंय?"

"नाही."

लिकॉनने तिच्याकडे पाहिले नाही.  तो गेला, आणि तिने दार पुन्हा लावून घेतले.

त्यामागचे कारण तिला ठाऊक होते. वसंतात दोघा भावांची वाटणी झाली होती. त्या लोकांत वाटणी खड्यांवर होई: शिरस्त्राणात दोन खडे टाकायचे, हलवायचे, देव देईल ते घ्यायचे. शिरस्त्राण तिनेच हलवले होते. काळा खडा थिरॉनकडे उडाला. झरा आणि झऱ्याखालची ऑलिव्हची टप्प्याची जमीन त्याची झाली. लिकॉनला वरची उतरण, जिथे दगडांत दगड उगवत. लिकॉन तेव्हा एवढेच म्हणाला होता, "देवांना पण लाडका धाकटाच." सगळे हसले होते, तीही हसली होती.

आता ती शांतपणे विचार करू लागली, आणि तो विचार भयंकर होता. एक गेला. एक आहे. उद्या नाही परवा, खड्ड्याशी, ती नेहमीचे गाणे नेहमीसारखे गाईल तर एक राहील. तिच्या म्हातारपणी चुलीत लाकूड घालणारा, तिच्या डोळ्यांवर हात फिरवून ते मिटणारा एक मुलगा राहील. त्यासाठी तिला खोटे बोलायचे नव्हते. नवे काहीही करायचे नव्हते. शंभर वेळा गायलेले गाणे एकशे एकाव्यांदा गायचे, आणि समुद्राकाठचा एक परका कुंभार मरायचा. तो आपला कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दाराशी एक बाई येऊन उभी राहिली. तरुण, धुळीने पांढरी झालेली, पोट सात महिन्यांचे. वरगावातून चालत येताना तिला कोणी दगड मारले होते. कानाजवळचे रक्त तिने पुसलेही नव्हते. ती गॉर्गोसची बायको मिर्तो होती.

"मी गयावया करायला नाही आले," ती म्हणाली. "तुमचं पोर गेलंय. त्या दारात मी काय मागू?"

"मग का आलीस?"

"एक विचारायचंय. विचारते नि जाते. तुमच्या गाण्यात तो डाव्या हातानं मारतो म्हणतात. ते कुणी बघितलं होतं, आई?"

 तीस वर्षांत हा प्रश्न थिओनोच्या मनाला शिवला नव्हता. झऱ्यावर ड्रायॉन एकटा होता; गाणेच तसे सांगत होते. एकट्याला मारले, मारणारा पळाला, तर हात पाहिला कोणी?

मिर्तो खरेच गेली. पोटाला हात लावून, पाय जपून टाकीत, उन्हात दिसेनाशी झाली. थिओनो घरात आली आणि सवयीने मागापुढे बसली. हातांना काम हवे होते. धोटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे; आणि विणताना बायका गुणगुणतात ते तिच्या ओठावर आपोआप आले. तिच्या आजीचे गाणे, आजीच्या आजीचे. त्याला अर्थ नाही, ते फक्त धाग्याच्या तालासाठी, असेच सगळ्या धरून चालत.

एका मायेच्या दोन ओंजळी,
एका झऱ्याला तहानल्या;
एक ओंजळ पाण्याने भरली,
एक ओंजळ रक्ताने भरली.
माये, माये, दार लाव गं,
लाटेवर नाव लिही गं.

धोटा थांबला.

तिने ते पुन्हा म्हटले. मग हळू, शब्द शब्द सुटा करून, पुन्हा म्हटले. आणि तीनशे वर्षांचे दार तिच्यासमोर उघडले. ड्रायॉनला भाऊ होता. समाधीवरच्या, पुरुषांसमोरच्या, भाल्याच्या गाण्यात भाऊ नाही. बायकांच्या मागावरच्या गाण्यात आहे. त्या आईपुढेही एक मेलेला होता आणि एक उरलेला. तिने दार लावून घेतले, आणि बाहेर येऊन गावाला सांगितले की लाटेवरून एक परका आला होता. खुणेसाठी तिने त्याला डावा हात दिला, कारण तिचा उरलेला मुलगा उजवा होता. एका आईने एका दुपारी आपले पोर वाचवायला रचलेली ती गोष्ट. ऐकणाऱ्यांनी तिला सिंहाचे खांदे दिले, तांब्याचे कवच दिले, डाळिंबाचा रंग दिला, खड्डा दिला, भाला दिला. आणि तो नसलेला डावा हात तीनशे वर्षे बंदरातल्या पाळण्यांमध्ये शोधला गेला.

थिओनोला त्या पहिल्या आईचा राग आला नाही. तिला त्या बाईच्या गळ्यात पडून रडावेसे वाटले. तिने केले ते थिओनोला आजही करता येत होते. तेवढ्यासाठीच जणू गाणे तयार ठेवलेले होते. आणि तरीही तिच्याने ते आता होईना, कारण तिने गॉर्गोसच्या बायकोचे पोट पाहिले होते.

तिसरा दिवस. माध्यान्ह. झाडांवर किडे करवत चालावी तसे किर्र ओरडत होते. सगळे वरगाव समाधीभोवती उभे, पुरुष पुढे, बायका मागे. तिरडीवर थिरॉन, ओव्याच्या रानझुडपांनी झाकलेला, चेहरा तेवढा उघडा. उशाशी रोवलेला भाला. खड्ड्याशी गॉर्गोस. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता, डावा हात पाठीमागे दोरीने मानेला बांधलेला. त्याच्यामागे लिकॉन. ताठ, निश्चल, घामाने निथळत.

पुजारी डॅमिसने मेंढ्याचे डोके मागे ओढले. काळ्या गळ्यावरून सुरी फिरली. मेंढा ओरडला नाही, फक्त त्याचे मागचे पाय धावत राहिले, जागच्या जागी, हवेत. रक्त उसळले, खड्ड्यात पडले, फेसाळले. तापल्या मातीने ते गटागटा प्यायला सुरुवात केली. त्या वासाने माश्यांचे एक काळे जाळे खाली उतरले.

"गा, बाई," डॅमिस म्हणाला.

थिओनो गाऊ लागली.

तिने ड्रायॉनचे खांदे गायले, आणि माणसांचे खांदे ताठ झाले. तिने झरा गायला, आणि माणसांचे घसे कोरडे पडले. तिने सुरा गायला: कातड्यातून जाताना, मांसातून जाताना, बरगडीवर खरवडून वाट चुकताना, आतल्या उबेत मुठीपर्यंत बुडताना. इतके क्रूर ती कधीच गायली नव्हती, कारण या वेळी ती जखम तिने स्वतः बोळ्याने पुसली होती. बायका छाती बडवू लागल्या. पुरुषांच्या गळ्यांतून गुरगुर निघाली. कोणीतरी गॉर्गोसच्या पाठीत लाथ घातली. तो खड्ड्यावर ओणवा झाला आणि रक्ताची वाफ त्याच्या तोंडावर आली.

मग ते कडवे आले. मारेकऱ्याच्या हाताचे. लिकॉनने पुढे होऊन भाला उपसला.

थिओनो थांबली. रक्ताचा फेस बुडबुड करीत होता. आणि समाधीवर, पुरुषांसमोर, भाल्यासमोर, जिथे ते कधी उच्चारले गेले नव्हते तिथे, तिने मागावरचे गाणे उचलले.

एका मायेच्या दोन ओंजळी...

मागे उभ्या असलेल्या बायकांपैकी पाच-सहा जणींचे ओठ सवयीने हलू लागले. मग त्यांनाही ऐकू आले की आपण काय म्हणतो आहोत. एकीने तोंडावर हात ठेवला. एक मटकन खाली बसली. पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. ताल ओळखीचा, चालही ओळखीची, पण हे न्हाणीघरातले, चुलीमागचे गाणे इथे कसे?

"आई," लिकॉन म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "पुढचं असं नाहीये."

"असंच आहे, बाळा. मधल्या काळात आम्ही झाकून ठेवलं होतं."

त्याने तिच्याकडे एकदाच पाहिले आणि त्याला कळले. तिला कळले आहे, हे त्याला कळले. आणि बुडणारा जसा हाताला लागेल ते खाली ओढतो तसा तो भाला घेऊन गॉर्गोसवर धावला, गाणे संपायच्या आत, कोणाला समजायच्या आत ते उरकून टाकायला. थिओनो मध्ये पडली. भाल्याचे पाते तिने नुसत्या मुठीत धरले. ते तळव्यातून हाडापर्यंत गेले; तिने सोडले नाही. टोक गॉर्गोसच्या खांद्यात बोटभर शिरून थांबले. तो किंचाळला. दोघांचे रक्त एकाच दांड्यावरून ओघळू लागले.

"हाताचं फडकं सोड," ती म्हणाली.

लिकॉन हलला नाही. तेव्हा तिने रक्ताळल्या हाताने ते स्वतः सोडले. मग तिरडीपाशी गेली, आणि मेलेल्या मुलाचा वरचा ओठ दोन बोटांनी उचलून धरला. तो तुटका दात सगळ्यांनी पाहिला. मग हातावरची ती खूण सगळ्यांनी पाहिली.  मग एकदम मोठा आवाज झाला तो मिर्तोच्या रडण्याचा. ती बंदरातून कधी वर आली होती कोणाला ठाऊक नव्हते. तिने दाताने नवऱ्याच्या दोऱ्या तोडायला सुरुवात केली. गॉर्गोस पळाला नाही. त्याच्याने उभेच राहवेना.

भावाने भावाला मारले तर भाला चालत नसे. सूड घ्यायला घरात हातच उरत नाही. अशा वेळी सारा गाव दगड घेई, आणि पहिला दगड मृताच्या आईचा. ती रीत फार जुनी होती आणि तीनशे वर्षांत तिची गरज पडली नव्हती. गाण्याने ती पडू दिली नव्हती. डॅमिस म्हातारा होता. त्याने खाली वाकून एक दगड उचलला, तो थिओनोच्या हातात ठेवला, आणि तोंड फिरवले.

मृताची आई तीच होती. दगड घेऊन तिला जिच्या पोराला मारायचे होते, तीही तीच होती.

लिकॉन समाधीला पाठ लावून उभा राहिला. भाला त्याने केव्हाच टाकला होता. आता त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लबाडी नव्हती. खळ्यावरून उशिरा घरी आलेल्या पोराचा तो चेहरा होता.

"त्यानं वळून बघितलं, आई," तो म्हणाला. "मी आहे म्हटल्यावर हसला आधी. मग कळलं त्याला."

तिने हातातला दगड फिरवून धरला.

"लांबनं मारू नकोस. नेम नाही तुझा. जवळ ये."

ती जवळ गेली. कथा सांगणाऱ्याला इथे डोळे मिटून घ्यावेसे वाटतात. गाणारे पुढे कायम हेच करीत आले. पण ती जवळ गेली, इतकी जवळ की त्याचा श्वास तिच्या कपाळावर आला. डाव्या हाताची बोटे तिने त्याच्या कापलेल्या केसांवरून फिरवली. उजव्या, पाते धरून फाटलेल्या हाताने दगड उचलला. पहिल्या घावाला तो पडला नाही. दुसऱ्याला गुडघ्यांवर आला. तिसरा तिने सगळा जीव एकवटून घातला, म्हणजे गावाच्या दगडांना फारसे काही उरू नये. त्या शंभर-दीडशे दगडांतला एकही त्याला लागला असे म्हणता येणार नाही. ते सगळे नुसते वर पडले.

खड्ड्यातले रक्त मुरून गेले होते. दोन्ही मुलांना तिने एकाच दुपारी मातीत ठेवले.

त्या वर्षापासून वरगावात डाव्या हाताचे कडवे कोणी गायले नाही. बंदरात पट्ट्या सुटल्या. मिर्तोला मुलगा झाला. तो डावखुराच निघाला, आणि बापाच्या चाकावर डाव्या हाताने माती फिरवू लागला. पण माणसांना जे घडले ते घडले तसे सोसवत नाही. कोणाला सोसवले आहे? त्या भूमीतल्या गाणाऱ्यांजवळ अशा दुःखासाठी एक वाट होती: ज्याला माणूस म्हणून जगणे अशक्य, त्याला देव दुसरे काहीतरी करून टाकत. म्हणून बंदरातले लोक गाऊ लागले की दगड हातातून सुटताच थिओनोच्या खांद्यांना पंख फुटले. ती राखी रंगाचा पक्षी झाली, आणि कड्यावर बसून दोन नावे आलटून पालटून हाका मारते. वरगावात गाऊ लागले की ती जागच्या जागी शिळा झाली. पलीकडच्या बेटावर तर ती चांदणी झाली. ऐकणारे डोळे पुसत, आणि थोडे हलके होऊन घरी जात.

हे सगळे सुंदर आहे. यातले काही झाले नाही.

त्या दुपारी ती घरी गेली. घर होते तसेच होते. माठावर झाकण होते. तिलाही ही गाणी येत होती. तीस वर्षे ती इतरांना तीच वाट दाखवत आली होती, गाऊन गाऊन कित्येक बायकांना तिने झाडे केले होते, झरे केले होते, पाखरे केले होते. म्हणून ऊन उतरू लागल्यावर ती अंगणात आली. मधोमध उभी राहिली. डोळे मिटले, आणि दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत पसरले, तळवे वर करून, बोटे लांब करून, जणू कोणी माप घेणार आहे.

ती वाट पाहत राहिली. वारा आला आणि गेला. सावली पावलांपासून भिंतीपर्यंत लांबली. हात भरून आले, दुखू लागले, थरथरू लागले. तिने ते खाली घेतले नाहीत.

पीस फुटले नाही. पान फुटले नाही. त्वचा त्वचाच राहिली, हात हातच राहिले, आणि आई आईच राहिली.